पार्श्वभूमी: मुंबई हायचे आकडे संगणकात कसे गेले

ओएनजीसी या देशातील सर्वांत मोठ्या सरकारी तेल उत्खनन कंपनीच्या डिजिटल वाटचालीविषयी सध्या जे बोलले जाते, त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्लाउड यांनाच बहुतेक जागा मिळते. त्या चर्चेत येणाऱ्या अडचणींचे मूळ मात्र दोन दशकांपूर्वीच्या एका निर्णयात आहे. त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय या समुद्री क्षेत्रात तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८७ मध्ये डेहराडूनला भूकंपलहरींच्या नोंदींवर प्रक्रिया व अर्थनिर्णयन करणारे संगणक केंद्र उभे राहिले. म्हणजे समुद्रतळाखाली काय दडले आहे हे ताडण्यासाठी कंपनी संगणक वापरत होतीच. मागे राहिल्या होत्या त्या दोन गोष्टी: कचेरीचा कारभार आणि चालू विहीर.

यांपैकी कचेरीला अग्रक्रम मिळाला. २००३ ते २००५ या काळात खरेदी, भांडार, लेखा, मनुष्यबळ आणि देखभाल यांसाठीच्या वेगवेगळ्या जुन्या प्रणाली बाजूला सारून संपूर्ण कंपनीसाठी एकच ईआरपी प्रणाली, म्हणजे सर्व विभागांचा कारभार एकत्र नोंदवणारी संगणक प्रणाली, आणण्यात आली. समर्थनाचा मुद्दा भक्कम होता. आसामातील भांडारात पडून असलेला व्हॉल्व्ह मुंबईच्या कचेरीला दिसत नसेल, तर तोच व्हॉल्व्ह पुन्हा विकत घेतला जाणार; आणि लेखापरीक्षण व संसद या दोहोंना उत्तरदायी असलेल्या कंपनीला तिमाही हिशेबासाठी प्रत्येक विभागाच्या वेगळ्या वहीची वाट पाहणे परवडत नाही. विरोधी मताचा रोख तंत्रज्ञानापेक्षा क्रमावर आणि अधिकारावर होता. मंजुरीची साखळी एकदा संगणकात कोरली की, समुद्रातील अधिकाऱ्याला तातडीच्या प्रसंगी जी मोकळीक असे ती आक्रसते, आणि नोंदी भरण्याचे काम नेमके त्याच माणसांवर येते ज्यांना त्या नोंदींचा लगेच काही उपयोग नसतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी क्रमाबद्दलचा आक्षेप अधिक वजनदार होता, असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

याचे कारण समजण्यासाठी विहिरीच्या आकड्याकडे पाहावे लागते. मुंबई हायमधील विहिरींचे छोटे प्लॅटफॉर्म बहुधा मनुष्यविरहित असतात. तेथे कर्मचारी बोटीने किंवा हेलिकॉप्टरने जातात. अनेक विहिरींचे तेल, वायू आणि पाणी एकाच नळातून मोठ्या प्रक्रिया प्लॅटफॉर्मवर येते. एकेका विहिरीचे उत्पादन रोज मोजले जात नाही. ती विहीर ठरावीक काळाने चाचणी सेपरेटरवर, म्हणजे तिचे तेल, वायू आणि पाणी वेगळे करून मोजणाऱ्या टाकीवर, घेतली जाते आणि मधल्या दिवसांत एकूण मोजमाप त्या चाचण्यांच्या प्रमाणात विहिरींवर वाटले जाते. एकूण आकडा पक्का असतो, विहिरीचा आकडा अंदाज असतो. अभियंत्याला हे ठाऊक असते आणि तो त्या आकड्याकडे त्याच बेताने पाहतो. तोच आकडा हिशेबाच्या रकान्यात जाऊन बसला की त्याच्यामागची अनिश्चितता दिसेनाशी होते, आणि वरच्या मजल्यावर तो प्रत्यक्ष मोजलेला आकडा म्हणून वाचला जाण्याचा धोका उरतो.

दाब, तापमान आणि प्रवाह थेट किनाऱ्यावर कळवणारी स्काडा यंत्रणा कंपनीभर पसरली ती यानंतर, त्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर २७ जुलै २००५ रोजी एक साहाय्यक जहाज मुंबई हाय उत्तरच्या प्लॅटफॉर्मवरील रायझरला, म्हणजे समुद्रतळावरून वर येणाऱ्या तेल-वायूच्या नळाला, धडकले होते, आगीत तो प्लॅटफॉर्म नष्ट झाला होता आणि २२ जणांचा जीव गेला होता. सेन्सर वाढवल्याने ती धडक टळली असती असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही; चूक जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणण्याच्या निर्णयातली आणि हाताळणीतली होती. एवढे मात्र झाले की समुद्रातील सुरक्षिततेच्या चर्चेत दूरस्थ निरीक्षणाला पूर्वीपेक्षा अधिक स्थान मिळाले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या प्लॅटफॉर्मवर ही यंत्रणा मागाहून बसवावी लागली. वीज, केबल आणि दळणवळण यांची सोय तेथे या कामासाठी केलेलीच नव्हती, आणि खाऱ्या हवेत उपकरणे टिकवणे हा स्वतंत्र खर्च आहे.

पुढच्या घडामोडी भराभर आल्या. २०१७ मध्ये केंद्र सरकारने उत्खननविषयक माहितीचे राष्ट्रीय भांडार खुले केले आणि कंपन्यांकडे साठलेली भूगर्भीय माहिती इतर गुंतवणूकदारांना पाहता येऊ लागली. त्यानंतर कागदविरहित कचेरीची मोहीम आली. साथीच्या काळात ती सवयीची झाली. एप्रिल २०२२ मध्ये आसामातील दुसऱ्या एका सरकारी तेल कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला, तेव्हा कचेरीचे जाळे आणि विहिरींचे जाळे किती जोडावे हा प्रश्न संचालकांच्या टेबलावर गेला. हा प्रश्न ईआरपीच्या वेळीच विचारायला हवा होता.

मुंबई हायचे उत्पादन १९८५ मध्ये दिवसाला ४,७१,००० बॅरलपर्यंत पोहोचले होते. २०२४ मध्ये ते सुमारे १,३४,००० बॅरलवर आले होते. घसरण रोखण्यासाठी २०२५ च्या सुरुवातीला एका ब्रिटिश कंपनीशी दहा वर्षांचा तांत्रिक सेवा करार झाला. त्यात पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि नंतर वाढीव उत्पादनाच्या महसुलातील हिस्सा, अशी रचना आहे. एकूण वाढ मोजणे कठीण नाही. कोणत्या विहिरीवर केलेल्या कोणत्या कामामुळे ती वाढ झाली, हे ठरवताना मात्र चाचणी सेपरेटरवरच्या त्याच नोंदी बाहेर काढाव्या लागतील.