छोट्या खोलीत बास मावत नाही म्हणे!

वन रूम किचनमध्ये हायफाय साउंड सिस्टीम लावायची म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, अरे २० हर्ट्झची लाट १७ मीटर लांब असते, तुझी खोली दहा बाय दहा, बास (म्हणजे अगदी खालचे, जाड सूर) तयारच होणार नाही. १७ मीटरचा आकडा बरोबर, निष्कर्ष साफ चूक. तसं असतं तर हेडफोनमध्ये बास ऐकूच आला नसता. कानाला हवेचा बदलता दाब कळतो, त्यासाठी अख्खी लाट खोलीत मावायची गरज नसते, उलट बंद छोट्या खोलीत अगदी खालचा बास थोडा वाढतोच.

खरी भानगड वेगळीय. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, आणि खोली चौरस असली की लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच सूर, म्हणजे डबल त्रास. भिंतीला टेकून बसलात तर ढमढम, बरोबर मध्यावर बसलात तर तोच सूर गायब (आणि मग लोक सबवूफर, म्हणजे बासचा खास स्पीकर, बदलायला निघतात!). म्हणून आधी खुर्ची फूटभर पुढेमागे सरकवून बघा, फुकट आहे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, पोर्ट (स्पीकरच्या खोक्याला असलेलं हवेचं भोक) मागे असेल आणि भिंत जवळ असेल तर पोर्टमध्ये पायातला मोजा कोंबा, हसू नका, चालतं. भिंतीवर इंचभर फोम चिकटवून ५६ हर्ट्झला ढिम्म फरक पडत नाही. फुगलेला सूर इक्वलायझरने (सूर कमी-जास्त करायच्या सेटिंगने) कापता येतो, गायब झालेला भरता येत नाही, तिथे कितीही वाढवा, नुसता ॲम्प्लिफायर तापतो.