पडद्यावरची फुली आणि गच्चीवरचं वेल्डिंग

नळाला पाणी रोज येत नाही तिथे गच्चीवरची टाकी मोठी असते. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात हे वेगळं सांगायला नको. २,००० लिटरची टाकी भरली की दोन टन, म्हणजे सुमारे २० किलोन्यूटन. तिच्यासाठी खाली ३०० मिमी उंचीचे दोन आय-बीम (इंग्रजी I च्या आकाराच्या लोखंडी तुळया), त्यांवर आडवे २०० मिमीचे, आणि जिथे बसतात तिथे वेल्डिंग. ‘स्टॅड’ या इमारतींच्या सांगाड्याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे काढायला पाच मिनिटं लागतात. चूक होते ती त्याच पाच मिनिटांत.

पडद्यावर दोन रेषांची फुली झाली म्हणून मेंबर (मॉडेलमधली प्रत्येक रेषा, म्हणजे एक बीम) जोडले जात नाहीत. फुलीवर नोड, म्हणजे जोडबिंदू, नसेल तर वरच्या बीमचा भार खालच्याला कळतच नाही. वरच्याला टोकांना दुसरा आधार असेल तर गणित बिनतक्रार सुटतं, एररही येत नाही. म्हणून ‘इंटरसेक्ट सिलेक्टेड मेंबर्स’ ही कमांड चालवून दोन्ही मेंबर तिथे तोडायचे. मग खालच्या बीमचा शिअर डायग्राम (बीमभर कातरबल किती, त्याचा आलेख) उघडायचा: फुलीपाशी पायरी दिसली तर भार पोचला.

पण यात दोन्ही बीम एकाच पातळीत आले, जणू एक दुसऱ्याच्या पोटातून गेलाय. प्रत्यक्षात त्यांच्या मध्यरेषांत १५० अधिक १०० म्हणजे २५० मिमी अंतर आहे. उभ्या भाराला त्याने फारसं बिघडत नाही. भूकंपाचा आडवा धक्का मात्र वेगळा, आणि १९९३ नंतर किल्लारीच्या परिसरात तो विसरून चालत नाही. वरच्या बीमच्या दिशेने ५ किलोन्यूटनचा धक्का आला तर ५ × ०.२५ = १.२५ किलोन्यूटन-मीटरचा पीळ खालच्या बीमवर बसतो. आय-बीम वाकायला खंबीर, पिळायला अगदीच लेचापेचा: ३०० मिमीच्या बीमचा टॉर्शन स्थिरांक (पिळाला विरोध मोजणारा आकडा) त्याच्या मुख्य मोमेंट ऑफ इनर्शियाच्या (वाकण्याला विरोध मोजणाऱ्या आकड्याच्या) साडेतीनशे-चारशे पटींनी कमी असतो. तेव्हा २५० मिमी अंतरावर दोन नोड घ्या, मध्ये आखूड ताठ मेंबर घाला, त्याचं स्वतःचं वजन शून्य ठेवा. ताठपणा बीमच्या शंभरपट पुरे. कोटीपट दिला तर आकडेमोडीतले बारीक अंक हरवतात आणि उत्तरं भरकटतात.

वेल्डची ताकद सहसा कमी पडत नाही. वरच्या बीमच्या खालच्या फ्लँजच्या (‘आय’च्या आडव्या पट्टीच्या) दोन कडांना १४० मिमी लांबीचे ६ मिमी फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेले तिकोनी वेल्ड, मारता येतात. उरलेल्या दोन कडा डोक्यावरच्या वेल्डिंगच्या, त्या सोडा. वेल्डचा घसा, म्हणजे त्याची सर्वांत कमी जाडी, ४.२ मिमी. साइटवरच्या वेल्डला आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साधारण १५८ न्यूटन प्रति चौ. मिमी ताकद धरतात. टोकांची वजाबाकी करून २५६ मिमी लांबी धरली तरी एका जोडाला १७० किलोन्यूटन मिळतात. काळजी आहे ती खालच्या बीमच्या साडेसात मिमीच्या वेबची (‘आय’च्या मधल्या उभ्या पट्टीची): जोडाखाली तिला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या स्टिफनर पट्ट्या हव्यातच.

बीम एकाच पातळीत असतील आणि फक्त वेब वेल्ड होणार असेल, तर मॉडेलमध्ये त्या टोकाचा एमझेड (वाकवणारा मोमेंट) रिलीज करा, म्हणजे तो जोड वाकायला मोकळा धरला जातो. दोन्ही टोकांचा एमएक्स (पिळणारा मोमेंट) मात्र सोडू नका. मेंबर स्वतःभोवती फिरायला मोकळा होतो आणि ‘इन्स्टॅबिलिटी’चा (अस्थिरतेचा) इशारा येतो. ड्रॉइंगवर ‘फ्लँजला वेल्ड नको’ असं ठळक लिहा. नाहीतर मजबुती म्हणून वेल्डर चारी बाजूंनी गोल फिरवून मोकळा होतो.