शौचालयाचं अनुदान: आधी कागद, मग खड्डा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात बरेच जण उलटं करतात. गवंडी मोकळा सापडला की बांधून टाकतात आणि मग पंचायतीत जाऊन विचारतात, ‘पैसे कधी येणार?’ स्वच्छ भारत अभियानात (ग्रामीण) क्रम ठरलेला आहे: अर्ज, मंजुरी, बांधकाम, फोटो आणि शेवटी खात्यात रक्कम.

ही रक्कम १२,००० रुपये. त्यात ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे, आणि पाणी साठवण व हात धुण्याची सोयही यातच धरलेली. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना कर्नाटक सरकार वर भर घालतं. एवढ्यात काम भागत नाही हे गवंडी पहिल्याच दिवशी सांगेल. सरकारही याला प्रोत्साहन रक्कमच म्हणतं.

बीपीएल कार्ड असेल तर पात्रतेचा प्रश्नच नाही. एपीएल असाल तर अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, घरजागा असलेले भूमिहीन मजूर, दिव्यांग किंवा महिला कुटुंबप्रमुख, यांपैकी एकात बसावं लागतं. मात्र घरात आधीच शौचालय असेल किंवा पूर्वी कधी अनुदान घेतलं असेल, तर पुन्हा मिळत नाही.

खरी गाठ पडते ती वाटणी झालेल्या भावांची. जुनं शौचालय वडिलांच्या नावावर, चुली तीन, आणि रेशनकार्ड अजून एकच. पंचायतीच्या लेखी ते एकच कुटुंब! २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात नव्या कुटुंबांनाही जागा आहे, पण तुम्ही वेगळे झालात हे कागदाने दाखवावं लागतं. म्हणून कार्ड आधी वेगळं करून घ्या.

कागद फार नाहीत: आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, घराचा किंवा जागेचा पंचायत उतारा, फोटो, आणि लागू असेल तर नाडकचेरीतून (तालुक्याखालचं महसूल कार्यालय) जातीचा दाखला. घोळ होतो तो नावांत. आधारावर ‘परशुराम’, पासबुकात ‘परशराम’, कार्डावर कन्नडमध्ये तिसरंच काही. चंदगड-गडहिंग्लजहून आलेल्या सुनेच्या आधारावर तर माहेरचंच नाव आणि पत्ता. हे अर्जाआधी निस्तरा. घरातल्या बाईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये येत असतील, तर अर्ज तिच्या नावे करून तेच खातं द्या. ते आधारला जोडलेलं असतं, त्यामुळे पैसे अडकायची भीती कमी.

अर्ज अभियानाच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर टाकून ओटीपीने भरता येतो. नाहीतर थेट पंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) द्या. फॉर्म कन्नडमध्ये असला तर उगाच तिथे वाद घालू नका, शेजारच्या कॉलेजच्या पोराला बसवून भरून घ्या.

मंजुरी आली की दोन शोषखड्डेच खणा, सेप्टिक टाकीच्या नादाला लागू नका. खड्डा आतून साधारण एक मीटर रुंद, वीट जाळीदार रचलेली, तळाला सिमेंट नाही, आणि दोन खड्ड्यांत एक मीटर अंतर. एक भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. दीड-दोन वर्षांत पहिल्यातलं खत होतं, वास नाही की काही नाही. पिण्याच्या विहिरीपासून दहा मीटर तरी लांब राहा. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात पाणी वर येतं, तिथे खड्ड्याचं तोंड जमिनीपासून उंच घ्या, नाहीतर आषाढात सगळं बाहेर.

काम झालं की पंचायतीचा माणूस येऊन मोबाइलवर जागेच्या नोंदीसह फोटो काढतो. त्या दिवशी दार, भांडं आणि पाणी तयार पाहिजे. अर्धवट दाराचा फोटो गेला की फाइल तिथेच बसते.

महिनोन्महिने काही हाललंच नाही, तर तालुका पंचायतीत लेखी तक्रार द्या. ती मराठीत दिली तरी चालते. राज्यघटनेचं कलम ३५० तेच सांगतं. फक्त शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.