खानदेशच्या उन्हात चुना का झडतो?

कानबाईचा सण जवळ आला की खानदेशात घरं रंगवायची लगबग सुरू होते. हल्ली रंगाच्या दुकानांत 'शंभर टक्के नैसर्गिक, हवा शुद्ध करणारा' असं लिहिलेले डबे दिसू लागलेत. रंगाने हवा शुद्ध करणं राहू द्या, निदान ती बिघडवू नये एवढं तरी आधी बघायला हवं.

ऑइल पेंट वाळतो म्हणजे त्यातलं टर्पेंटाइन उडून खोलीच्या हवेत जातं. प्लास्टिक पेंट पाण्यात कालवतात, पण त्यातही थोडी द्रावकं आणि बुरशीनाशकं असतात. वास गेला तरी उरलीसुरली द्रव्यं कित्येक दिवस सुटत राहतात, आणि उष्णतेने जास्तच सुटतात. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, त्यात एसीसाठी खिडक्या बंद! 'नैसर्गिक' म्हटल्याने यातून सुटका होत नाही. पाइनच्या चिकापासून काढलेलं टर्पेंटाइनही वाफा सोडतं, आणि जवसाचं तेल वाळताना आल्डिहाइडं ही उग्र वासाची द्रव्यं बाहेर पडतात.

या सगळ्यात मला चुना फार मोलाचा वाटतो. साध्या चुन्याच्या सफेदीतून पाण्याखेरीज उडून जाण्यासारखं काहीच नसतं. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे सफेदी नुसती वाळत नाही, तिचा भिंतीवर दगड होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीच ही क्रिया. निवळी बशीत उघडी ठेवून बघा. काही तासांत वर पातळ, ठिसूळ पापुद्रा धरतो. काडी लावली की तो तडकतो.

हा पापुद्रा पाण्यावर धरतो, यातच सगळी मेख आहे. कोरड्या चुन्यावर कार्बन डायऑक्साइडचा फारसा परिणाम होत नाही. वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो, चुनाही थोडा विरघळावा लागतो, तेव्हा दोघांची गाठ पडते. हवेत हा वायू दहा लाख भागांत जेमतेम 420 भाग, त्यामुळे काम सावकाश चालतं आणि तोवर भिंतीत ओल टिकायला हवी. उलट सूक्ष्म छिद्रं पाण्याने तुडुंब भरली तरी क्रिया मंदावते, कारण वायू हवेतून सरकतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यातून सरकतो. म्हणून ना कोरडी, ना चिंब, अशी दमट भिंत हवी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापलेल्या कोरड्या भिंतीवर सफेदी मारली की पाणी पाहता पाहता उडतं, चुन्याची भुकटी उरते आणि पाठ टेकली की सदऱ्याला लागते. मग दोष चुन्याला! श्रावणातली हवा या कामाला कितीतरी बरी.

ताज्या चुन्याचा सामू (pH) 12 च्या वर, म्हणजे तो फार अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी धरत नाही. दगड होत गेला की हा गुण ओसरतो. चुना हवेतला कार्बन कमी करतो, हा प्रचारही फुगवलेला आहे. 74 ग्रॅम विरलेला चुना 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतो खरा, पण तेवढाच भट्टीत चुनखडीतून सुटलेला असतो, आणि सरपणाचा वा कोळशाचा धूर वेगळाच. खादी ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी 2021 मध्ये शेणाचा रंग आणला, तो जरूर वापरावा, पण शेणाच्या थराने मोबाइलच्या लहरींपासून रक्षण होतं ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

सफेदीआधी भिंतीवर पाणी मारावं आणि ते मुरू द्यावं. चुना फडक्यातून गाळून अगदी पातळ करावा, हात पातळ आणि जास्त मारावेत, दुसऱ्या दिवशी पाण्याचा हलका फवारा द्यावा. चुना विरवताना तो उकळून उडतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच. प्लास्टिक किंवा ऑइल पेंटवर चुना धरत नाही, जुना थर काढावा लागतो. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत 90 भागांपर्यंतच असावं, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते बरंच जास्त असू शकतं. असा थर ओला करूनच खरवडावा, आणि धूळ पुसून होईपर्यंत मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये.