रेडफर्न : सिडनीतली हक्काची जागा

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनच्या पुढचंच स्टेशन रेडफर्न. हे नाव विल्यम रेडफर्न या डॉक्टरचं. 1797 साली ब्रिटिश आरमारातल्या बंडात खलाशांना एकजुटीचा सल्ला दिला म्हणून त्याला फाशी सुनावली होती. ती टळली आणि तो कैदी म्हणून सिडनीला आला. 1817 मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने त्याला इथली 100 एकर जमीन दिली. जमीन मुळात इथल्या गॅडिगल आदिवासींची. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

1880च्या दशकात शेजारच्या एव्हलीला रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि रेडफर्न कामगारांचं झालं. भिंतीला भिंत लागलेली घरं, भाडं कमी. कारखान्यात आदिवासींनाही काम मिळे, त्यामुळे न्यू साउथ वेल्स या सिडनीच्याच राज्यातल्या खेड्यापाड्यांतून कुटुंबं आपल्या नातलगांच्या आधाराने इथे येत राहिली.

रेडफर्न खरं घडलं ते 1970 नंतरच्या तीन-चार वर्षांत. एम्प्रेस हॉटेल हा आदिवासींच्या बैठकीचा बार. पोलीस तिथून लोकांना उचलून नेत. काही तरुण तिथे बसून पोलिसांच्या वागण्याच्या नोंदी ठेवू लागले. त्यातून 1970 मध्ये ऑस्ट्रेलियातली पहिली आदिवासी कायदेशीर मदत सेवा सुरू झाली. 1971 मध्ये दवाखाना आला, तोही आदिवासींनीच चालवलेला आणि देशातला पहिलाच. 1973 मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारच्या अनुदानातून आदिवासींच्या गृहनिर्माण कंपनीने लुई स्ट्रीट परिसरातली घरं विकत घेतली. हाच 'द ब्लॉक'. गमावलेल्या जमिनीचा हा तुकडा शहराच्या ऐन मध्यात परत मिळाला होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या लढ्यातले बॉब बेलिअर पुढे देशातले पहिले आदिवासी न्यायाधीश झाले.

10 डिसेंबर 1992 रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी रेडफर्न पार्कमध्ये, आदिवासींच्या जमिनी आपणच बळकावल्या, खूनही आपणच केले, अशी उघड कबुली दिली. पण ब्लॉकवरची घरं खचत होती, अमली पदार्थांनी वस्ती पोखरली होती. 2004 मध्ये एका 17 वर्षांच्या आदिवासी मुलाच्या मृत्यूनंतर स्टेशनजवळ दंगल उसळली. अनेक वर्षं बाहेरच्यांना रेडफर्न ठाऊक होतं ते एवढंच.

पुढे घरं पाडली गेली. नव्या आराखड्यात आदिवासी कुटुंबांची घरं मागे पडतील या भीतीने 2014 मध्ये बायाबापड्यांनी त्या मोकळ्या जागेवर तंबू ठोकले आणि वर्षाहून अधिक काळ तिथून हलल्या नाहीत. आज तिथे विद्यार्थ्यांसाठी 24 मजली इमारत आहे, आणि आदिवासी कुटुंबांसाठी परवडणाऱ्या भाड्याची 62 घरं.