नॉकिंग वेगळं, प्री-इग्निशन वेगळं

चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढली की इंजिनातून येणारी टिकटिक सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती नॉकिंग. पण ‘नॉकिंग म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीच्या आधी पेटणं’ हे इतक्यांदा वाचलंय की आता राहवत नाही. ठिणगीच्या आधी पेटतं ते प्री-इग्निशन. हा आजारच निराळा, आणि नॉक सेन्सरचं औषध त्याला लागू पडत नाही.

नॉकिंगमध्ये ठिणगी आधी पडते. ज्वाला पसरत जाते, तिच्यापुढचं कडेचं मिश्रण दाबलं जाऊन तापतं आणि ज्वाला पोचण्याआधी आपसूक भडकतं. त्या दाबलहरींची थरथर कारच्या नेहमीच्या सिलिंडरात साधारण 6-7 किलोहर्ट्झची असते. इंजिनाच्या ब्लॉकवर कसलेला पिझो सेन्सर (थरथरीचा विजेचा संकेत करणारा), म्हणजेच नॉक सेन्सर, तीच टिपतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सेन्सरचं सतत ऐकत बसत नाही. पिस्टन वरच्या टोकाहून परतल्यावर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) फिरण्याच्या ठरावीक अंशांपुरताच कान देतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या आवाजाने फसगत होत नाही. नॉक सापडला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, दोन-तीन अंश मागे, मग हळूहळू पुन्हा पुढे. उशिरा पडलेल्या ठिणगीमुळे दाबाचा कळस पिस्टन खाली उतरताना येतो आणि कडेचं मिश्रण तेवढं तापत नाही.

प्री-इग्निशनमध्ये लाल झालेलं प्लगचं टोक किंवा कार्बनचा निखारा ठिणगीची वाटच पाहत नाही. टायमिंग कितीही मागे घ्या, आग लावणारा दुसराच! पिस्टन वर चढत असताना हा भडका त्याला खाली रेटतो. पिस्टनला भोक पडतं ते बहुतेकदा यातून. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात कमी आरपीएमला ऑइलचे थेंबही हे करतात, म्हणून अशा गाडीत मी एपीआय एसपी या दर्जाच्या खालचं ऑइल घालणार नाही.

गोंधळ का होतो तेही कळतं. सततच्या नॉकिंगने प्लग तापून प्री-इग्निशन सुरू होतं, आणि प्री-इग्निशनच्या शेवटी अनेकदा जबर नॉक बसतो. सेन्सरला तो ऐकू येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. तिथे योग्य हीट रेंजचा (उष्णता हवी तेवढी बाहेर टाकणारा) प्लग, कार्बनची सफाई आणि नीट कूलिंगच कामाला येतं.

ऑक्टेनचं (पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही, त्याचा आकडा) थोडक्यात: ईसीयूने टायमिंग मागे धरलेलं नसेल, तर 91 ऐवजी 95 भरून ताकद वाढत नाही.

आणि सेन्सर बदलताना बोल्ट अंदाजाने आवळू नका. बहुतेकांचा टॉर्क 20 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मॅन्युअल बघा, टॉर्क रेंच वापरा. आवळणं चुकलं की सेन्सर नवा असूनही बहिरा.