तारण मिळाल्यावर गमावता येतं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

तारण म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने मिळणारी पापातून सुटका. ती गमावता येते का, हा प्रश्न निघाला की दोन्हीकडची बायबलची वचनं तयारच असतात. एक जण योहान 10:28 काढतो: येशूच्या मेंढरांना त्याच्या हातून कोणीही हिसकावून घेणार नाही. दुसरा इब्री 6:4-6 वर बोट ठेवतो: स्वर्गीय दानाची रुची घेऊन जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. वचनं पहिल्या शतकापासून तीच आहेत. पण मंडळीला (चर्चला) उत्तर देणं भाग पडलं ते माणसं खरोखर पडली तेव्हा.

इ. स. 250 मध्ये सम्राट डेशियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या मातीत असे पपायरसचे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. मजकूर अगदी सरकारी साच्यातला: मी देवांना नेहमीच बळी देत आलो, आता तुमच्यादेखत दिला, पेय ओतलं, प्रसाद चाखला, तरी आपण तशी सही द्यावी. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये कितीतरी ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरू लागला तसे हे सगळे मंडळीत परत घ्या म्हणून उभे राहिले.

तिथला बिशप सिप्रियन स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, त्यामुळे त्याचा शब्द थोडा हलका पडत होता. उलट तुरुंगात हालअपेष्टा सोसलेल्यांचा मान मोठा, आणि ते पतितांना शिफारसपत्रं वाटत सुटले. काही पत्रांत 'अमुक याला त्याच्या माणसांसह सामावून घ्यावं' एवढंच लिहिलेलं असे. 'त्याची माणसं' म्हणजे नेमकी किती, वीस की तीस, हा सिप्रियनचा वैताग समजण्यासारखा आहे. 251 च्या परिषदेने मधला मार्ग काढला: नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशीअंती परत घ्यावं, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावं. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या पाळकाला हेही मान्य नव्हतं. देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाही, असं म्हणून तो वेगळा झाला आणि त्याचा पंथ पुढे काही शतकं टिकला.

पुढचं मोठं वळण उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याचं, पाचव्या शतकात. शेवटपर्यंत टिकून राहणं हेही देवाचंच दान, असं त्याने मांडलं. यावर हाड्रुमेटम (आजच्या ट्युनिशियातलं सूस) इथल्या मठात कुरबुर सुरू झाली: सगळं देवच देणार असेल, तर आमचं चुकल्यावर वरिष्ठांनी आम्हाला रागवायचं कशाला? आमच्यासाठी प्रार्थना करावी की! या तक्रारीला ऑगस्टीनने अख्खा ग्रंथ लिहून उत्तर दिलं. पण एक गोष्ट हल्लीच्या वादात हमखास विसरली जाते. त्याच्या मते बाप्तिस्म्याने खरोखर नवा जन्म मिळालेला माणूसही टिकण्याचं दान नसेल तर गळू शकतो.

धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथरच्या गोटाने 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीत (त्यांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात), नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकत नाही, ही शिकवण धिक्कारली. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये कॅथलिक बाजू पक्की केली: प्राणघातक पापाने कृपा जाते, पापकबुलीच्या संस्काराने परत मिळते. धर्मसुधारक कॅल्विनने मात्र, देवाने तारणासाठी निवडलेला माणूस त्याच्या हातून कायमचा निसटत नाही, असं शिकवलं, आणि खरी ठिणगी त्याच्याच अनुयायांत पडली.

कॅल्विनच्या या निवडीच्या शिकवणीवर आक्षेप घेणारे, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातले प्राध्यापक आर्मिनियस 1609 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बाजूच्या डच पाळकांनी पाच कलमांचं निवेदन सादर केलं. गंमत म्हणजे पाचव्या कलमात, विश्वासणारा पूर्ण गळू शकतो की नाही याचा शास्त्रातून आणखी शोध घ्यायला हवा, एवढंच म्हटलं होतं. आठ वर्षांत सावधपणा संपला आणि त्यांनी 'हो, गळू शकतो' अशी बाजू घेतली. तोवर हा वाद डच राजकारणात पुरता गुंतला होता: आर्मिनियसवाद्यांच्या पाठीशी हॉलंडचे मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट, विरोधात सेनापती मॉरिस. नोव्हेंबर 1618 मध्ये दोर्द्रेख्त शहरात भरलेल्या दोर्तच्या सभेला इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मन राज्यांतूनही प्रतिनिधी आले. आर्मिनियसवाद्यांना जानेवारीत अध्यक्षांनी संतापून बाहेर काढलं. त्यांची मतं नाकारून सभेचं परदेशी प्रतिनिधींसह चाललेलं कामकाज 9 मे 1619 रोजी संपलं. चारच दिवसांनी, 13 मे रोजी, सत्तरी ओलांडलेल्या ओल्डनबार्नेफेल्टचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. आरोप अर्थातच राजकीय होते.

अठराव्या शतकात हाच तंटा इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक वेस्ली आणि कॅल्विनच्या बाजूचा प्रचारक व्हाइटफील्ड या जुन्या मित्रांमध्ये आला. वेस्लीने 1751 मध्ये पुस्तिका काढून, विश्वासाची नौका फुटू शकते, असं ठामपणे लिहिलं.

आपल्याकडे या सगळ्या धारा वेगवेगळ्या जहाजांतून आल्या. गोवा आणि वसईत ट्रेंटची कॅथलिक परंपरा रुजली. 1813 मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनचे हॉल आणि नॉट उतरले, 1829 मध्ये स्कॉटिश जॉन विल्सन; दोघांमागे कॅल्विनची परंपरा. 1870 च्या दशकात विल्यम टेलर यांच्यामुळे मुंबईत अमेरिकन मेथडिस्ट मंडळी उभी राहिली, ती वेस्लीची. नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा कॅल्विनच्या परंपरेतल्या काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन वारशाबरोबर ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही त्यात आले. अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च बाहेर राहिलं.

आज सभांमधून ऐकू येणारं 'एकदा तारलेला तो कायमचा तारलेला' हे वाक्य दोर्तच्या नावावर खपवलं जातं, ते मला पटत नाही. दोर्तच्या सभेच्या निर्णयपत्रातल्या पाचव्या प्रकरणात दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन सांगितलं आहे की विश्वासणारे भयंकर पडतात, पवित्र आत्म्याला खिन्न करतात, काही काळ कृपेची जाणीवही हरवून बसतात. देव त्यांना पूर्ण सोडत नाही, पण सावरतो तो पश्चात्तापातून. इब्रीच्या पत्रातल्यासारखे इशारे तिथे विहिरीच्या कठड्यासारखे आहेत: माणूस आत पडू नये म्हणूनच बांधलेले. हात वर करून एकदा प्रार्थना म्हटली की पुढे कसंही जगा, ही मोकळीक त्या दस्तऐवजात कुठेच नाही. आणि वेस्लीच्या बाजूचेही रोजच्या प्रत्येक चुकीला तारण गेलं असं म्हणत नव्हते.